घळीतली बाई

आपण खोटं बोलत नाही, खऱ्याला जरा हात देऊन वर चढवतो, असं हिंदुरावाचं स्वतःबद्दलचं मत होतं.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे एका वाडीत त्याचं घर. घराणं पाथरवटाचं. बापाने, आज्याने आसपासच्या गावांतली जाती, पाटे, उखळं घडवली, विहिरी बांधल्या. हिंदुरावाच्या हातात मात्र टाकी दिली की ती दगड सोडून त्याच्याच अंगठ्यावर बसायची. तरुणपणी त्याने एकच जातं घडवलं. ते दळायला घेतलं की घरभर फिरतं असं लोक म्हणत. हिंदुराव स्वतः सांगे की ते एकदा दळता दळता कर्जतपर्यंत गेलं होतं आणि येताना आगगाडीने आलं. अखेर बापाने कपाळाला हात लावला, त्याच्या हातातली टाकी काढून घेतली आणि बैलाचा कासरा दिला.

तेव्हापासून हिंदुराव छकडा हाकी आणि तोंड चालवी. आधी कोंडेश्वराला नवस फेडायला जाणारी माणसं असत. मग अंबरनाथला कारखाने झाले, कल्याणच्या बाजूला लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित उतरले, त्या वस्तीला उल्हासनगर नाव पडलं, आणि एक नवीनच जातीचं गिऱ्हाईक येऊ लागलं. नवस नाही, सोयरीक नाही, जनावर हरवलेलं नाही, तरी सुटीच्या दिवशी ही माणसं उन्हात डोंगर चढायला निघत. हिंदुराव त्यांना सकाळी अंबरनाथचं देऊळ दाखवी, दुपारी नदीच्या वरच्या अंगाची घळ, आणि दिवस कलायच्या वेळी घळीच्या माथ्यावरच्या कातळावर बसवून सगळे डोंगर. प्रत्येक ठिकाणाला त्याच्याजवळ गोष्ट होती. परत तेच गिऱ्हाईक आलं तर गोष्ट बदललेली असे, कारण शिळं वाढायचं नाही असा त्याचा नेम होता.

एक गोष्ट मात्र त्याने चाळीस वर्षांत बदलली नव्हती, आणि ती कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती. ती विठाची होती.

विठा त्याची बायको. लहानपणी तिला देवी आल्या होत्या आणि तोंडभर वण ठेवून गेल्या होत्या. लग्न होऊन ती घरी आली त्या दिवशी मांडवातल्या बाया हळदकुंकू लावता लावता एकमेकींना कोपरं मारत होत्या. दुपारी हिंदुराव मागीलदारी गेला तर नवी नवरी न घडलेल्या दगडांच्या राशीवर पाठमोरी बसलेली. रडणाऱ्या बायकोशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्याला जे येत होतं ते त्याने केलं. नदीवरच्या घळीत, आत अंधारात, दगडाची एक बाई आहे, तो म्हणाला. पांडवांनी कोरलेली. तोंड हुबेहूब तुझं, वणांसकट. मी लहानपणी बघितली तेव्हाच ठरवलं की बायको करीन तर अशीच.

विठाने पदराने नाक पुसलं आणि खरंच का म्हणून विचारलं. हिंदुरावाने आईची शपथ घेतली. आई वारून बरीच वर्षं झाली होती, तेव्हा त्यात धोका नव्हता.

त्या गोष्टीवर विठा चाळीस वर्षं ताठ मानेने जगली. बापाच्या हाताखाली शिकलेलं काम तिने सासरी चालू ठेवलं. वाडीतल्या कुणाचं जातं गुळगुळीत होऊन पीठ जाड पडू लागलं की विठा टाकी-हातोडी घेऊन जायची आणि दगडाला बारीक बारीक टाके घालून ते पुन्हा खडबडीत करून द्यायची. कुणी तोंडावरून बोललंच तर एवढंच म्हणे की माझ्यासारखी एक पांडवांनी घडवली आहे, तुमच्यासारखी कुठे दिसली नाही बाई.

फक्त ती घळ तिला कधी बघायला मिळाली नाही. जायचं म्हटलं की नदीला पाणी असे. पाणी उतरलं की घळीत मधमाश्या बसत. मधमाश्या गेल्या की बिबट्याची मादी विणे. एका वर्षी तर हिंदुरावाने बिबट्याच्या पिलांचं बारसंही तिथेच करवलं होतं.

मग विठाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. कल्याणच्या डॉक्टरांनी संक्रांत झाली की या म्हणून सांगितलं. शस्त्र लागल्यावर एखाद्याला दिसतं, एखाद्याला नाही, हे शेजारच्या कौसाबाईने न विचारता सांगितलं. त्या दिवशी भाकरी वाढता वाढता विठा म्हणाली, "आता बिबट्या येवो नायतर बारसं होवो. डोळ्याला हत्यार लागायच्या आधी मना माझी बाई दाखवा."

हिंदुरावाने हातातला घास ताटात परत ठेवला. खोटं उघडं पडण्याची त्याला भीती नव्हती. त्याची खोटी रोजच उघडी पडत आणि तोच आधी हसे. पण हे एक गेलं तर विठाला मांडवातल्या त्या बायांमधे परत नेऊन बसवल्यासारखं होणार होतं, आणि तेही अशा वेळी की उद्या तिला दुसरं काही बघायला मिळेल की नाही याची खात्री नाही.

तो विचार करकरून थकला आणि शेवटी तिची टाकी चोरून घळीत गेला.

बैल चुकला, चाकाची धाव निसटली, असं काहीबाही सांगून तो दुपारभर नाहीसा होऊ लागला. घळीच्या आतल्या भिंतीला माणसाच्या डोक्याएवढा एक फुगवटा होता, त्यावर त्याने घाव घातले. पहिल्याच दिवशी टाकीच्या टोकाचा टवका उडाला. बाई काही होईना. सकाळच्या उजेडात बेडूक दिसे, संध्याकाळी मामलेदार. नाक तर त्याच्याने जमेचना. शेवटी स्वतःचं नाक चाचपून बघत त्याने ते कसंबसं उठवलं. वण मात्र त्याने बिनचूक घातले. डाव्या डोळ्याखालचा खोल, हनुवटीवर जवळजवळ बसलेले, भुवईतून आरपार गेलेला. ते घालताना तो डोळे मिटून घेई आणि टाकी एकदाही अंगठ्यावर बसली नाही.

मग नवा दगड जुना दिसावा म्हणून त्याने त्यावर शेण, चुलीची काजळी आणि घरातलं तेल फासलं. खपल्या नदीत लोटल्या. घळीत अंधार आहे, विठाच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आहे, निभेल, असा त्याने हिशोब केला.

ठरल्या दिवशी, मार्गशीर्षातल्या गार सकाळी, छकडा जुंपताना विठा आत कुरकुरत होती. तेलाच्या बाटलीचा तळ दिसतो आहे, उंदीर तेल पितात काय हल्ली. आणि टाकी तर किती दिवस सापडत नाही. हिंदुराव म्हणाला की हल्लीचे उंदीर टाकीसुद्धा नेतात, बीळ खणायला बरी पडते. विठा हसली नाही. तिने नवी साडी नेसली होती आणि पदरात नारळ, खण, हळदकुंकू बांधून घेतलं होतं.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदा भेटते. रिकाम्या हातान जाऊ?"

छकड्यात बसायला अंबरनाथच्या शिवमंदिराशी तिघं थांबलेली होती. विष्णुपंत, कारखान्यातले अधिकारी, गळ्यात दुर्बीण आणि हातात बॅटरी. त्यांची बायको कुंदा, जिने डब्यात दशम्या आणल्या होत्या. आणि तोलाराम, उल्हासनगरचा पापडवाला, जो दुकान बंद ठेवून आयुष्यात पहिल्यांदा सहलीला निघाला होता आणि त्या आनंदात सगळ्यांना पापड वाटत होता.

देवळाच्या पायऱ्यांवर हिंदुरावाने आपली नेहमीची गोष्ट लावली. पांडवांनी हे एका रात्रीत बांधलं. भीम कळस डोक्यावर घेऊन येत होता, वाटेत त्याचं धोतर सुटलं, ते नेसायला त्याने कळस खाली ठेवला आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. म्हणून काम अर्धवट राहिलं. बघा, वरचं शिखर पुरं नाही. विष्णुपंतांनी चष्मा पुसत सांगितलं की देवळात शिलालेख आहे, त्यावर शकाचं साल आहे, राजाचं नाव आहे, पांडवांचा इथे काही संबंध नाही. हिंदुराव म्हणाला की असेल, राजाने नाव घातलं असेल, नाव घालायला कुणीही येतं. कुंदा तोंडाला पदर लावून हसली. विठा काही न बोलता देवळाच्या भिंतीवरून बोटं फिरवत चालली होती, ओळखीच्या माणसाची पाठ चाचपावी तशी. मधेच एका मूर्तीपाशी थांबून ती स्वतःशीच पुटपुटली की याचा हात हलका होता.

हिंदुरावाने ते ऐकलं आणि तो पायरीवरच थांबला. चाळीस वर्षं टाकीवालीशी संसार करून तो मोतीबिंदूच्या भरवशावर राहिला होता आणि तिची बोटं विसरला होता.

तिथून पुढे त्याचं तोंड बंदच झालं. वाटेत एकही राक्षस लागला नाही, एकही विहीर पाताळापर्यंत गेली नाही. नदी ओलांडताना शेवटी तोलारामच बोलायला लागला. साईं, आमच्या सिंधूला या काठावरून तो काठ दिसत नसे, तो म्हणाला. नाव सकाळी सोडली तर पलीकडे चहाला पोचायची. हिंदुरावाला वाटलं, गडी आपल्या बिरादरीतला दिसतो, आणि कौतुकाने त्याने मान हलवली. पण तोलाराम गंमत करत नव्हता. त्याने छकड्यातून वाकून ओंजळभर पाणी उचललं, डोळ्यांना लावलं आणि मग बराच वेळ कुणाला पापड दिला नाही.

कोंडेश्वराचं दर्शन झालं, कुंडाच्या काठावर पाय धुऊन झाले. हिंदुरावाने तिथे रोजच्यापेक्षा जास्त वेळ काढला. बैल थकले आहेत, आज घळीत ओल असेल, पाय घसरेल, आल्यासारखं वरून डोंगरच बघू, असं त्याने सुचवून पाहिलं. विष्णुपंतांना ते पटू लागलं होतं. पण विठा दगडावरून उठली, पदराची गाठ चाचपली आणि ज्या बाजूने पाण्याचा आवाज येत होता त्या बाजूला चालू लागली. मग कुंदाने धावत जाऊन तिचा हात धरला आणि मावशी, सावकाश, असं म्हणत दोघी पुढे झाल्या. पांडवांनी कोरलेल्या आपल्या बाईला भेटायला चालले आहे, असं विठाने तिला चालता चालता सांगितलं.

घळीचं तोंड बुटकं होतं. आत गेल्यावर माणूस उभा राहू शकेल एवढी जागा, खाली ओली वाळू, एका अंगाने झुळझुळणारं पाणी. हिंदुराव सगळ्यांच्या मागे राहिला. विष्णुपंतांनी बॅटरी लावली आणि भिंतीवर फिरवली. उजेड त्या तोंडावर येऊन थांबला.

त्या उजेडात ते ना बेडूक दिसत होतं ना मामलेदार. ते फक्त ताजं दिसत होतं. काजळीखालून पांढरा दगड डोकावत होता. तोलारामने बूट उचलून तळवा पाहिला, त्याला दगडाची पांढरी भुकटी लागली होती, आणि तो म्हणाला, "अरे साईं, ये तो एकदम ताजा माल—"

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हिंदुरावाकडे पाहिलं. हिंदुराव दोन्ही हातांनी आपलं मुंडासं कुस्करत उभा होता, आणि त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. ती चिंधी पाहून तिला काय कळायचं ते कळलं असावं. तिने तोलारामला हळूच म्हटलं की बाहेर पाणी किती छान आहे, चला. विष्णुपंतांचं तोंड उघडलं होतं. त्यात शक होता, राजाचं नाव होतं, सगळं होतं. पण त्यांनी ते मिटलं. बॅटरी हिंदुरावाच्या हातात दिली आणि डोकं वाकवून बाहेर गेले.

विठा भिंतीपाशी गेली. आधी तिने हात जोडले. मग उजव्या हाताची बोटं त्या तोंडावर ठेवली.

हिंदुरावाने बॅटरी तिच्या बोटांवर धरली. बोटं कपाळावरून उतरली, भुवईतल्या वणापाशी थांबली. डाव्या डोळ्याखाली गेली. दुसऱ्या हाताने तिने स्वतःचा तोच वण चाचपला. हनुवटी, गाल. मग नाकावर बोटं आली आणि तिथे बराच वेळ राहिली. तिने बोटांची टोकं स्वतःच्या नाकाशी नेऊन वास घेतला.

मग तिने पदराची गाठ सोडली, त्या दगडाच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, खाली वाळूत खण आणि नारळ ठेवला. "चला, माणसं वाट बघतात," म्हणाली आणि बाहेर आली.

कातळावर चढेपर्यंत हिंदुरावाला काही उमगेना. तिला कळलं की नाही? कळलं असेल तर कुंकू का लावलं, आणि नसेल तर वास का घेतला? वर ऊन पिवळं झालं होतं. समोर मलंगगड, तावली, चंदेरी, लांब माथेरानचं पठार. विष्णुपंत बायकोला दुर्बिणीतून काहीतरी दाखवत होते, तोलाराम दशमी खात होता. हिंदुरावाने गिऱ्हाइकांना काहीच सांगितलं नाही. तो बाजूला विठाशेजारी जाऊन बसला.

विठा डोंगरांच्या दिशेने तोंड करून बसली होती. तिला तिथे नुसता उजेड दिसत असणार.

"टाकी कुठाय माझी?" तिने विचारलं.

हिंदुरावाने बैलांच्या पेंढ्याखालून आणून पिशवीत हातोडीसोबत लपवलेली टाकी तिच्या हातात ठेवली. तिने टोकावरून अंगठा फिरवला.

"टवका उडवलाय. परतेक टाक्याशेजारी एक बारीक रेघ उठलीय ती याची." ती थांबली. "आन् तेल उंदरान पिलं."

हिंदुरावाने आयुष्यात पहिल्यांदा एक खरं वाक्य सरळ बोलायचं ठरवलं. "विठे, तिथं बाई नव्हती."

"ते मना तेव्हाच ठाव होतं," विठा म्हणाली. "बाप माझा त्या घळीतून पाट्याचे दगड काढायचा. लहानपनी त्याच्यासंग मी तिथं भाकर खाल्लीय."

चाळीस वर्षं हिंदुरावाने सोडलेल्या मधमाश्या, जन्माला घातलेले बिबटे, सगळे एकदम त्याच्या डोळ्यांपुढून फिरून गेले.

"मंग दाखवा दाखवा कशापायी?"

"आता डोळ्याचं काय होतंय कुनास ठाव. म्हटलं, दिसतंय तवर बघावं, मानूस काय करतो. पानी आलं म्हनंल, का बिबट्या म्हनंल, का रडंल." तिने टाकीचं टोक पदराने पुसलं. "तुमी दगड फोडाल असं मातर वाटलं नवतं. तुमच्या बापान हातची टाकी काढून घेतली, त्याला किती वर्सं झाली."

हिंदुरावाने अंगठ्याची चिंधी नीट केली.

"वन चांगले घातलेत," विठा म्हणाली. "माझ्या मायनसुदिक येवढे नीट बघितले नसतील. हे हनवटीचे तर मना पन ठाव नवते." मग तिने घसा साफ केला. "नाक मातर तुमचं झालंय. त्या नाकाला नथ कोन घालील?"

ती उठली. कुठे चाललीस म्हणून त्याने विचारलं, तर ती म्हणाली की हातोडी घ्या आणि बॅटरी घ्या. उजेड आहे तोवर नाक तासून घेऊ, आणि नथ राहिली आहे ती उठवू. नाहीतर उद्या कुणी बघेल आणि म्हणेल, पांडवांना बायांचं काही कळत नव्हतं.

दोघं पुन्हा घळीत उतरली. या वेळी तिने भिंत धरली नाही, त्याचा दंड धरला. आत त्याने बॅटरी उंच धरली, पण तिने उजेडाकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने नाक चाचपलं, टाकी तिरकी टेकवली आणि बेताने हातोडी मारली. तुटक्या टोकातूनही दगड लोण्यासारखा निघू लागला. हिंदुरावाचं नाक हळूहळू उतरलं आणि त्या जागी विठाचं वर आलं. खाली पाणी झुळझुळत होतं.

मधेच ती म्हणाली, "गप का? सांगा की कायतरी."

"काय सांगू?"

"वर डोंगर बघायला बसवलंत, आन् एक पन गोष्ट नाय. मना तर काय दिसलं पन नाय."

मग हिंदुरावाने सांगायला सुरुवात केली. मलंगगड, तावली आणि चंदेरी हे भीमाच्या चुलीचे तीन दगड. माथेरान त्याचा पोळपाट. पोळी लाटताना त्याने दाबून दाबून तो सपाट केला. आज चूल नुकतीच विझली आहे म्हणून मलंगच्या टोकाला अजून लाली आहे. आणि द्रौपदी कुठे होती, विठाने हात न थांबवता विचारलं. ती कल्याणला डोळे दाखवायला गेली आहे, हिंदुराव म्हणाला, संक्रांतीनंतर तिला इथून सिंधूपर्यंत दिसणार आहे.

विठा हसली आणि हातोडीचा घाव जरा चुकला. नथीचा एक मोती त्यामुळे बाकीच्यांपेक्षा मोठा झाला. तिने तो तसाच ठेवला.

वर कातळावर टाक, टाक, असा आवाज जात असणार, कारण घळीच्या तोंडातून कुंदाचा आवाज स्पष्ट खाली आला. खालून कसला आवाज येतो आहे हो, असं ती विचारत होती. हिंदुरावाने बॅटरी धरलेला हात आखडला. विठाची टाकी थांबली.

वर विष्णुपंत खाकरले.

"पांडव असतील," ते म्हणाले. "काम अर्धवट राहिलं होतं ना त्यांचं."

विठाने पुन्हा टाकी टेकवली.